सेकंडरी नॅनोबॉडी: वापरण्याआधी हे वाचा

नमुन्यातले हवे ते प्रथिन धरते ती प्रायमरी अँटिबॉडी; प्रायमरीला धरून तिच्यावर रंग आणते ती सेकंडरी. नेहमीची सेकंडरी अँटिबॉडी १५० किलोडाल्टनची, नॅनोबॉडी जेमतेम १५ची. उंट, लामा यांच्या शरीरात हलकी साखळी नसलेल्या अँटिबॉडी असतात; त्यांचा प्रतिजनाला (अँटिबॉडीच्या लक्ष्याला) धरणारा टोकाचा तुकडा म्हणजे नॅनोबॉडी. ती लहान असल्याने फ्लुरोफोर (चमकणारा रंग) प्रायमरीला चिकटूनच राहतो. सुपर-रिझोल्यूशनमध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. साध्या मायक्रोस्कोपवर सहसा दिसत नाही. प्रथिन अगदी कमी असेल, तर पॉलिक्लोनल (प्रायमरीवर अनेक जागी बसणारी) सेकंडरीच जास्त उजळ दिसेल. तिथे उगाच बदल करू नका.

खरी सोय आहे ती प्रायमरी आणि नॅनोबॉडी नमुन्यावर घालण्याआधीच मिसळण्याची. नॅनोबॉडी एकाच जागी बांधते, त्यामुळे प्रायमरीचे गठ्ठे होत नाहीत. १ मायक्रोग्रॅम प्रायमरीवर Fc (अँटिबॉडीचा शेपटाकडचा भाग) च्या दोन्ही जागा भरायला ०.२ मायक्रोग्रॅम नॅनोबॉडी पुरते, ०.३ घ्या. सुमारे १० मायक्रोलिटरमध्ये मिसळून खोलीच्या तापमानाला अंधारात ३० मिनिटे ठेवा, मग ब्लॉकिंग बफरमध्ये नेहमीइतके पातळ करून थेट नमुन्यावर घाला. सेकंडरीची वेगळी पायरी आणि तिची धुणी, दोन्ही वाचतात. प्रायमरी मात्र शुद्ध केलेली हवी. सीरम किंवा असायटिसमधली (उंदराच्या पोटातून काढलेल्या द्रवातली) इतर आयजीजीच (नेहमीच्या प्रकारची अँटिबॉडी) नॅनोबॉडी खाऊन टाकते.

एकाच प्राण्याच्या दोन प्रायमरी असतील, तर दोन ट्यूबमध्ये दोन रंग वेगवेगळे जोडा. इथे जास्तीची मोकळी नॅनोबॉडी घातक ठरते, कारण ती दुसऱ्या प्रायमरीवर जाऊन बसते. म्हणून ३० मिनिटांनंतर प्रत्येक ट्यूबमध्ये त्याच जातीची, त्याच उपवर्गाची (आयजीजी१, आयजीजी२ए असे प्रकार) लेबल नसलेली आयजीजी भरपूर घाला, म्हणजे ती मोकळी नॅनोबॉडी शोषून घेईल, आणि दोन्ही मिश्रणे नमुन्यावर घालायच्या वेळीच एकत्र करा. एकेक रंगाचा कंट्रोल चुकवू नका.

सिग्नल अजिबात नसेल, तर आधी उपवर्ग पाहा. माऊस आयजीजी१ची नॅनोबॉडी आयजीजी२एला धरत नाही. प्रायमरीच्या माहितीपत्रकात उपवर्ग दिलेला नसेल, तर कॅपा साखळी (हलक्या साखळीचा एक प्रकार) ओळखणारी घ्या. माऊसच्या बहुतेक अँटिबॉडींत ती असते. माऊसच्याच ऊतीवर पार्श्वभूमी वाढली, तर ती ऊतीतल्या मूळच्या आयजीजीमुळे; आधी मिसळून आणि उरलेली नॅनोबॉडी वर सांगितल्याप्रमाणे शोषून घेतल्यावर ती बरीच कमी होते.

इमेजिंग उशिरा करणार असाल, तर शेवटच्या धुण्यानंतर ४% पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १० मिनिटे पुन्हा स्थिर करा. एकाच जागची पकड हळूहळू सुटू शकते. एचआरपी (सिग्नल देणारे एन्झाइम) जोडलेली नॅनोबॉडी असेल, तर कोणत्याही बफरमध्ये सोडियम अझाइड नको; ते एचआरपीला बंद पाडते.