कम्युनिटी कॉलेजमधून भूगोलाच्या पदवीला: कॅलिफोर्नियातला ट्रान्सफर अर्ज कुठे अडतो

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षं झाली, ६० युनिट (कोर्सांचे श्रेयांक) जमले, मार्क बरे आहेत, म्हणजे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जागा पक्की, असं बहुतेक घरांत धरून चाललेलं असतं. मग नकार आला की मार्कांना दोष दिला जातो. पण पुष्कळ अर्ज मार्कांवर पडत नाहीत, हिशेबावर पडतात. हिशेब तीन आहेत: एकूण युनिट, सर्वसाधारण शिक्षणाचे विषय आणि भूगोलाच्या पूर्वतयारीचे विषय. एखादा कोर्स तिन्हीकडे धरला जातो, एखादा दोन ठिकाणी, एखादा फक्त युनिटांत. कॉलेजच्या माहितीपत्रकात मात्र सगळ्यांपुढे एकच शब्द असतो, ‘ट्रान्सफरेबल’, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

आधी जागा कुठे आहेत ते पाहा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, यात भूगोलाची पदवी बर्कली, लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा इथे मिळते. डेव्हिसला भूगोल आहे, पण पदव्युत्तर. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे सीएसयूत, पर्याय जास्त आहेत: नॉर्थरिज, लाँग बीच, सॅन डिएगो, चिको आणि आणखी काही. दोन्ही व्यवस्था सरकारी, पण अर्ज वेगळे, नियम वेगळे. एकीकडचा नियम दुसरीकडे लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

पात्रता

यूसीला ६० सेमिस्टर (सहामाही सत्राचे) युनिट किंवा ९० क्वार्टर (तिमाही सत्राचे) युनिट लागतात, आणि ते यूसी स्वीकारते त्याच कोर्सांचे असावे लागतात. गुणांची सरासरी चारपैकी किमान २.४, राज्याबाहेरच्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना २.८. हा उंबरठा आहे, प्रवेशाची हमी नाही. त्याखेरीज सात कोर्सांची अट आहे: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि कला-मानव्यविद्या, समाजशास्त्र व विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतून चार.

सीएसयूला सरासरी २.०, राज्याबाहेरच्यांना २.४. तिथे चार कोर्सांवर बारीक नजर असते: वक्तृत्व, लेखन, तर्कविचार आणि गणित. यूसीच्या सात कोर्सांत वक्तृत्व येत नाही. त्यामुळे ‘यूसीचं झालं की सीएसयूचं आपोआप होतं’ म्हणणारे ऐन वेळी सीएसयूतून बाद होतात. या चार कोर्सांत सीएसयूला ‘सी वजा’ ही श्रेणी चालते, यूसीच्या सात कोर्सांत ती चालत नाही. तिथे पूर्ण सी हवा. ‘पास तर झालोय’ हे उत्तर इथे कामाचं नाही.

२०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सत्रापासून) सर्वसाधारण शिक्षणाचा दोन्हीकडे चालणारा एकच आराखडा आला आहे, कॅल-गेटसी. त्यात वक्तृत्व आहे, एथनिक स्टडीज (वांशिक समूहांचा अभ्यास) आहे, विज्ञानाची प्रयोगशाळा आहे, आणि सगळीकडे सी लागतो. जुन्या आराखड्यावर सुरुवात केली असेल आणि मध्ये खंड पडला नसेल, तर तो पुढे चालवता येतो का हे समुपदेशकाकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो, चालेल’ला काही किंमत नाही. त्याच सुमारास काही कोर्सांचे क्रमांक राज्यभर सारखे केले गेले. इंग्रजीचा कोर्स आता ‘सी१०००’ असा दिसतो, आणि जुना व नवा क्रमांक वेगळे कोर्स समजून मुलं तोच विषय पुन्हा घेतात.

क्वार्टर-सेमिस्टरचा गुणाकार हाताने करून पाहा. डी अँझा आणि फुटहिल क्वार्टरवर चालतात, शेजारची बरीच कॉलेजं सेमिस्टरवर. ४५ क्वार्टर युनिट म्हणजे ३० सेमिस्टर युनिट. त्यात दुसऱ्या कॉलेजचे २८ मिळवले तर ५८ होतात. कागदावर ४५ अधिक २८ म्हणजे ७३ दिसतात, आणि इथेच माणूस निर्धास्त होतो.

भूगोलाचे कोर्स

असिस्ट हे सरकारी संकेतस्थळ उघडा. आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ, आणि कोर्स ज्या वर्षी घेतला ते शैक्षणिक वर्ष निवडा. कुठला कोर्स कशाच्या जागी धरायचा याचा कॉलेज-विद्यापीठातला करार वर्षागणिक असतो. वर्ष चुकलं की करार चुकला. मग ‘मेजर’खाली, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाखाली, भूगोल पाहा. ‘कोर्स जुळलेला नाही’ असा शेरा असेल तर घाबरू नका: तुमच्या कॉलेजात त्याच्या जागी मान्य झालेला कोर्स नाही, एवढाच त्याचा अर्थ. जवळच्या दुसऱ्या कॉलेजात तो मिळत असेल तर घ्या, नाही तर प्रवेशानंतर करायचा असतो.

पाया दोन विषयांचा: प्राकृतिक भूगोल आणि मानवी भूगोल. राज्याच्या सी-आयडी या सामाईक क्रमांकांत (वरच्या ‘सी१०००’हून हे वेगळे) ते जिऑग ११० आणि १२०. ११० ची प्रयोगशाळा मात्र वेगळी, १११, आणि बऱ्याच कॉलेजांत ती एका युनिटची स्वतंत्र नोंदणी असते. व्याख्यानाचा कोर्स करून प्रयोगशाळा सोडलेले अर्ज दर वर्षी दिसतात. तीन युनिट मिळाले, विज्ञानाचा विषयही झाला, पण प्रयोगशाळेची अट आणि मेजरची अट दोन्ही उघडी राहिली. काही कॉलेजांत दोन्ही एकत्र असतात, तो ११५.

भूगोलाचे विभाग छोटे असतात. हवामानशास्त्र किंवा जीआयएस (संगणकावरची भौगोलिक माहिती प्रणाली) वर्षातून एकदाच लावलं जाणं नवीन नाही, आणि नोंदणी कमी झाली तर वर्ग रद्दही होतो. असे कोर्स शेवटच्या सत्रावर ठेवू नका. जीआयएसचं प्रमाणपत्र नोकरीला चांगलं, पण त्यातला प्रत्येक कोर्स यूसीला चालतोच असं नाही. एकेक तपासा.

मेजरसाठी बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्र मागतात. गणिताचं आणि मानसशास्त्राचं अशी दोन संख्याशास्त्रं केली तर यूसी युनिट एकाचेच धरते. हायस्कूलला एपी (कॉलेजच्या पातळीची परीक्षा) मानवी भूगोल करून ३ किंवा जास्त गुण मिळाले असतील तर त्याचे युनिट मिळतात, पण मेजरचा मानवी भूगोल त्यावर भागतो का हे कॅम्पस ठरवतो.

‘एए-टी’ ही कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सफरसाठीची पदवी भूगोलातही आहे. ती पूर्ण केली की सीएसयूत कुठेतरी जागेची हमी मिळते आणि पुढे ६० युनिटांत पदवी. ‘कुठेतरी’ हा शब्द नीट वाचा. हवा तोच कॅम्पस मिळेल असं कुणीही कबूल केलेलं नाही. साधी ‘एए’ वेगळी, ‘एए-टी’ वेगळी. साध्या पदवीला ही हमी नाही. आणि अर्जात ‘एए-टी घेत आहे’ असं लिहून काम संपत नाही. पदवीसाठी कॉलेजकडे वेगळा अर्ज, वेगळी मुदत. तो राहिला तर कॉलेज सीएसयूला खात्री कशी कळवणार?

एक गोष्ट पालकांसाठी. भूगोलातून आत शिरायचं आणि मग कॉम्प्युटर सायन्सला उडी मारायची, हा सल्ला ओळखीतल्या कुणीतरी दिलेला असतो. तो विसरा. गर्दीच्या मेजरला आतून बदली मिळणं फार अवघड आहे. शिवाय यूसीच्या अर्जात ट्रान्सफरवाल्यांना एक सक्तीचा प्रश्न असतो: निवडलेल्या मेजरची तयारी कशी केली? नकाशाला कधी हात न लावलेल्याचं उत्तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्यासोबत सातांपैकी तीन प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. शिफारसपत्रं मागितलेली नसतात, पाठवू नका.

तारखा

यूसीचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो. तो दाखल करता येतो १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. अखेरचा दिवस सुटीत आला तर एक-दोन दिवस पुढे जातो, पण त्या भरवशावर राहू नये. हा अर्ज पुढच्या वर्षीच्या फॉलसाठी असतो. सीएसयूची खिडकीही १ ऑक्टोबरला उघडते.

‘टॅग’ म्हणजे यूसीचा हमीचा प्रवेश. तो फक्त १ ते ३० सप्टेंबर, एकाच कॅम्पससाठी, आणि तोवर ३० सेमिस्टर युनिट पूर्ण झालेले हवेत. बर्कली आणि लॉस एंजेलिस टॅग देत नाहीत, त्यामुळे भूगोलासाठी सांता बार्बराच उरतं. टॅग मंजूर झाला तरी नोव्हेंबरअखेरचा मुख्य अर्ज भरावाच लागतो. ‘टॅग झालाय ना’ म्हणून तो न भरणाऱ्यांची हमी तिथेच संपते.

सगळ्यात चुकीची वाचली जाणारी ओळ: अटी ‘प्रवेशाआधीच्या स्प्रिंगअखेर’ (मे-जूनला संपणाऱ्या सत्राअखेर) पूर्ण हव्यात. समरमध्ये, म्हणजे उन्हाळी सत्रात, नाही. गणिताचा राहिलेला कोर्स जुलैत करू, ही योजना बहुधा चालत नाही.

जानेवारीत यूसी फॉलचे गुण आणि स्प्रिंगचे कोर्स अद्ययावत करायला सांगते, मुदत ३१ जानेवारी. ईमेल जाहिरातींच्या फोल्डरात पडलेला असतो आणि अर्ज अर्धवट राहतो. काहीच बदललं नसेल तरी ते भरायचं असतं.

भारतातली कागदपत्रं

अर्ज करताना यूसी गुणपत्रकं मागत नाही. सगळं तुम्हीच भरायचं, आणि प्रवेश मिळाल्यावर ते अस्सल कागदाशी ताडून पाहिलं जातं. म्हणून पुणे किंवा मुंबई विद्यापीठात एफ.वाय. करून सोडलं असेल तर तेही लिहा, एटीकेटीसकट. ‘ते धरत नाहीत, मग कशाला लिहायचं’ हा युक्तिवाद महागात पडतो, कारण लपवलेलं कॉलेज सापडलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो. गुण आहेत तसे लिहा, टक्क्यांचं चारच्या मापात रूपांतर करू नका.

अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात झाली असली तरी ती शाळेच्या रकान्यात जाते. कॉलेजच्या रकान्यात टाकली की विद्यापीठ त्या ‘कॉलेज’चं ट्रान्सक्रिप्ट मागत बसतं.

भारतातल्या विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट वेळेत मिळेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, नापास झालेल्या प्रयत्नांचीही, हाताशी असली तरच काम हलतं. डुप्लिकेट काढायची म्हणजे आणखी खेटे. बंद लिफाफा आला तर उघडू नका. नावाचाही प्रश्न येतो: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मध्ये वडिलांचं नाव, पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर सगळंच बदललेलं. अर्जात ‘पूर्वीचं नाव’ असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत तयार ठेवा.

फी आणि व्हिसा

राज्यातल्या रहिवाशांच्या कमी फीसाठी कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त वास्तव्य आणि कायम राहण्याचा इरादा कागदांनी दाखवावा लागतो. एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्यांना हे करता येतं, एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असलेल्यांना नाही. ट्रान्सफरच्या सुमारासच मुलं २१ ची होतात, एच-४ संपतो, एफ-१ घ्यावा लागतो, आणि फीचा दर्जा पुन्हा तपासला जाऊ शकतो. हा हिशेब वाढदिवसाच्या वर्षभर आधी मांडा, वकिलाला विचारा. प्रवेशानंतर यूसी वास्तव्याचा वेगळा फॉर्म पाठवते. तो न भरल्यास बाहेरच्यांची फी लागते, मग घरचे वीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहत असले तरी.

एफ-१ वर असाल तर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदवहीची) नोंद नव्या विद्यापीठाकडे सोडवून घ्यावी लागते, आणि नवा अभ्यासक्रम पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. डिसेंबरमध्ये सगळं संपवून ऑगस्टची वाट पाहणारा इथे अडकतो. शेवटचा कोर्स स्प्रिंगला ठेवा.

प्रवेश आल्यावर यूसीला होकार १ जूनपर्यंत, अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत, एपीचे अधिकृत गुण १५ जुलैपर्यंत. ट्रान्सक्रिप्ट प्रत्येक कॉलेजकडून वेगळं मागवायचं, जिथे एकच समर कोर्स केला तिथूनही. स्प्रिंगचा एखादा कोर्स सोडायची वेळ आली तर सोडण्याआधी प्रवेश कार्यालयाला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा.