दात उजळतात, फिलिंग तसंच राहतं

समोरच्या दाताच्या कडेला एक लहानसं फिलिंग असतं. ते भरताना डॉक्टरांनी शेड गाइडमधले दातांच्या रंगाचे तुकडे एकेक करून दाताशी धरून पाहिलेले असतात आणि रंग इतका बेमालूम जुळलेला असतो की वर्षभरात माणूस ते विसरूनही जातो. पुढे कधीतरी तो दात पांढरे करून घेतो आणि दोन आठवड्यांत आरशात एक पिवळसर ठिपका उठून दिसायला लागतो. फिलिंगचा रंग होता तोच असतो, आजूबाजूचा दात मात्र उजळलेला असतो. हे आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून हळहळणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं, कारण सांगायला दोन वाक्यं पुरतात.

दात पांढरे करण्याची खटपट वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे. 1848 च्या सुमारास मेलेल्या, काळवंडलेल्या दातांवर क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वापरलं जात होतं. 1884 मध्ये हार्लन यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरल्याची नोंद आहे आणि 1918 मध्ये अ‍ॅबट यांनी तीव्र पेरॉक्साइडला उष्णतेची आणि प्रकाशाची जोड दिली. पण त्या काळी तोंडात काय असायचं? सोनं, नाहीतर आपण ज्याला सरसकट ‘चांदी’ म्हणतो ते अमाल्गम. पारा आणि चांदीचं हे मिश्रण पॅरिसमध्ये तावो यांनी 1826 मध्येच वापरात आणलं होतं. करड्या धातूचा रंग दाताशी जुळावा अशी अपेक्षाच नव्हती, त्यामुळे ब्लीचिंगने, म्हणजे दात पांढरे करण्याने, फिलिंगचं काय होईल, हा प्रश्नही फारसा कुणाला पडला नाही.

चित्र पालटलं ते 1955 नंतर. त्या वर्षी ब्युओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, काही वेळ फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावलं, तर त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य, त्याला घट्ट धरून राहतं. 1962 मध्ये बोवेन यांना बिस-जीएमए या रेझिनचं पेटंट मिळालं आणि आजच्या दाताच्या रंगाच्या फिलिंगचा, म्हणजे कॉम्पोझिटचा, पाया घातला गेला. या कॉम्पोझिटची पकड मोठी विलक्षण आहे. अ‍ॅसिडने इनॅमलमध्ये सूक्ष्म छिद्रं पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरतं आणि तिथेच घट्ट होऊन झाडाच्या मुळांसारखं रुतून बसतं. कॉम्पोझिटला रंग येतो तो त्यात आधीच मिसळलेल्या रंगद्रव्यांमुळे. पेरॉक्साइड दातात मुरलेले रंगीत रेणू तोडतं. कॉम्पोझिटवरचे चहा-कॉफीचे डाग त्याने थोडेफार निघतील, पण मूळ शेड काही बदलत नाही. सिरॅमिकच्या कॅपचंही तसंच.

घरी करायच्या ब्लीचिंगचा शोध तर जवळजवळ अपघातानेच लागला. 1968 च्या सुमारास अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातले ऑर्थोडोंटिस्ट (वाकडे दात सरळ करणारे डेंटिस्ट) बिल क्लुस्मायर हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून दातांवर बसवायच्या साच्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक घालायला सांगत. हिरड्या सुधारल्या आणि दातही पांढरे झाले. 1989 मध्ये हेवूड आणि हेमन यांनी 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड जेलच्या रूपात रात्रभर अशाच साच्यात, म्हणजे ट्रेमध्ये, ठेवण्याची पद्धत लेखातून मांडली आणि ती झपाट्याने पसरली. 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड.

इथे पहिल्यांदा ब्लीचिंग आणि कॉम्पोझिट मोठ्या प्रमाणावर एकाच तोंडात आले. त्याच सुमारास प्रयोगशाळांतून एक अडचण पुढे आली: नुकत्याच ब्लीच केलेल्या इनॅमलला कॉम्पोझिट नीट चिकटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रेझिनची ती मुळं आखूड, विरळ, कुठे कुठे गायबच दिसली. याचं प्रमुख कारण म्हणजे दातात अडकून राहिलेला ऑक्सिजन. ऑक्सिजन असला की रेझिन पुरतं घट्ट होत नाही. ताज्या कॉम्पोझिटवर हवेमुळे राहणारा चिकट थर डेंटिस्ट रोज पाहतात; तोच प्रकार इथे आत, नेमका जोडाच्या जागी होतो. मग एक ते तीन आठवडे, बहुतेक ठिकाणी दोन आठवडे, थांबण्याची पद्धत पडली. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचंच एक रूप, लावून ही पकड लवकर परत आणता येते असंही प्रयोगांत दिसलं, पण थांबणं जास्त सोपं.

चांदीच्या फिलिंगबाबतही प्रयोग झाले. पेरॉक्साइडच्या संपर्कात अमाल्गममधून पारा जास्त सुटतो असं अनेक प्रयोगांत आढळलं, आणि दीर्घकाळ ब्लीचिंग केल्यावर चांदीलगतचा दात हिरवट झाल्याचीही नोंद आहे. काही तात्पुरत्या अ‍ॅक्रिलिक कॅप नारिंगी पडतात. मला यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती फिलिंगची सुटलेली कड. तिथून ब्लीचिंगचं जेल आत डेंटिनपर्यंत, म्हणजे इनॅमलखालच्या संवेदनशील थरापर्यंत, झिरपतं आणि दात चांगलाच ठणकू शकतो. म्हणून ब्लीचिंगआधी जुनी फिलिंग तपासून घ्यायची, आणि कीड असेल तर तिथे सध्यापुरतं काहीतरी भरून दात बंद करायचा.

रंग जुळवून करायचं कायमचं फिलिंग मात्र शेवटी. ब्लीचिंग थांबल्यावर दाताची शेड किंचित मागे येते आणि मग स्थिरावते. त्याच दोन आठवड्यांत ऑक्सिजनही निघून जातो, आणि शेड गाइड पुन्हा दाताशेजारी धरायला हरकत उरत नाही.