गृहसंगणकांवरील क्रीडाखेळांतील काठिण्यभेद

एकाच नावाचा क्रीडाखेळ वेगवेगळ्या गृहसंगणकांवर कमीअधिक अवघड असणे, यास काठिण्यभेद म्हणतात. साधारणपणे १९८० ते १९९२ या काळातील झेडएक्स स्पेक्ट्रम, कॉमोडोर ६४, ॲमस्ट्रॅड सीपीसी, बीबीसी मायक्रो, अटारी एसटी आणि अमिगा ही यंत्रे या चर्चेत मुख्यतः येतात. खेळाडूने सुरुवातीला निवडलेली काठिण्यपातळी हा या भेदाचा उघड भाग; पण तो लहान आहे. मोठा भाग प्रोसेसरची गती, टेलिव्हिजनची वारंवारता, चित्र काढण्याची पद्धत आणि हातातील जॉयस्टिक यांनी ठरवलेला असतो. त्यात भर म्हणजे, त्या काळी एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्या यंत्रावर ‘नेला’ जात नसे, तर बहुधा वेगळा प्रोग्रॅमर तो पुन्हा मुळापासून लिहीत असे. त्यामुळे वेष्टनावरचे चित्र आणि नाव तेवढे समान राही.

उगम : पातळी निवडण्याची सोय क्रीडाखेळांत कोठून आली, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ टेलिव्हिजनला जोडायच्या ‘पाँग’ प्रकारच्या यंत्रांत आहे. जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची एवाय-३-८५०० ही चिप १९७६ मध्ये बाजारात आली. टेनिस, सॉकर, स्क्वॉश असे खेळ तिच्यात एकत्र होते आणि तिच्यावर आधारलेली असंख्य यंत्रे निघाली. बॅटची लांबी, चेंडूचा वेग व चेंडू परतण्याचे कोन यांसाठी या चिपला स्वतंत्र पिना होत्या. यंत्रावरील खटके थेट त्यांना जोडलेले असत. समोर माणूसच खेळत असल्याने ‘अवघड’ याचा अर्थ आखूड बॅट आणि वेगवान चेंडू, एवढाच होता. १९७७ च्या अटारी व्हीसीएस या खेळयंत्रावर डाव्या व उजव्या खेळाडूसाठी दोन वेगळे खटके आले: ‘ए’ म्हणजे सरावलेल्यासाठी, ‘बी’ म्हणजे नवख्यासाठी. थोरल्याने ‘ए’ लावून धाकट्याशी बरोबरीने खेळावे, अशी सोय यात होती. पुढच्या गृहसंगणकांवर ती फारशी टिकली नाही, हे नवलच. मॅटेलच्या इंटेलिव्हिजन या खेळयंत्रावर खेळ सुरू करताना तबकडी दाबली तर पूर्ण वेग आणि आकड्यांची बटणे दाबली तर कमी वेग मिळे. त्यावरील बरेचसे क्रीडाखेळ दोघांनीच खेळायचे असल्याने तेथेही वेग हेच काठिण्याचे माप राहिले.

दुसरे मत बुद्धिबळयंत्रांकडे बोट दाखवते. फिडेलिटी कंपनीचे चेस चॅलेंजर १९७७ मध्ये आले आणि त्यानंतरच्या प्रकारांत पातळ्या निवडता येऊ लागल्या. तेथे पातळी वाढवणे म्हणजे यंत्राला चालीवर अधिक विचार करू देणे. प्रतिस्पर्ध्याची कुवत आकड्यांत मोजण्याची ही कल्पना पुढे क्रीडाखेळांनी उचलली, असे हे मत सांगते. अँड्र्यू स्पेन्सर यांच्या कॉमोडोर ६४ वरील ‘इंटरनॅशनल सॉकर’ (१९८३) या खेळात संगणकाच्या संघाची कुवत १ ते ९ अशी निवडता येते. केव्हिन टॉम्स यांच्या ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये (१९८२) सात पातळ्या आहेत. तिसरे मत नाण्यांवर चालणाऱ्या आर्केड यंत्रांतील डिप स्विचना, म्हणजे खेळाची मांडणी ठरवणाऱ्या छोट्या खटक्यांना, श्रेय देते. ते स्विच मात्र पेटीच्या आत, दुकानदाराच्या ताब्यात असत आणि त्यांचा हेतू गल्ल्याशी निगडित होता. घरच्या आवृत्त्यांनी आर्केडकडून आरंभीचा वेग घेतला असेल, पण खेळाडूला पर्याय देण्याची रीत तेथून आली असे मानणे कठीण आहे. पहिल्या दोन धारा ऐंशीच्या दशकाच्या आरंभी एकत्र आल्या असाव्यात, हे मत त्यामानाने ग्राह्य वाटते. वेगावर आधारलेली पातळी आणि कुवतीवर आधारलेली पातळी हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

फ्रेम आणि वेग : त्या काळातील बहुतेक वेगवान खेळ टेलिव्हिजनच्या फ्रेमशी, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांशी, बांधलेले असत. दर फ्रेमला खेळ एक पाऊल पुढे सरके. युरोपात व भारतात प्रचलित असलेल्या पाल या टेलिव्हिजन पद्धतीत सेकंदाला ५० फ्रेम, तर अमेरिका व जपानमधील एनटीएससी पद्धतीत ६० फ्रेम. म्हणजे एकच कॉमोडोर खेळ, कोणताही बदल न करता, अमेरिकेत सुमारे एकपंचमांशाने जास्त वेगाने धावे. टेनिसमध्ये चेंडू लवकर पोहोचे. लांब उडीत बटण दाबून धरल्यावर कोन दर फ्रेमला एक अंशाने वाढत असेल, तर हवा तो अंश पालवर २० मिलिसेकंद आणि एनटीएससीवर १६.७ मिलिसेकंद हाती राही.

डेकॅथलॉनसारख्या, बटणे बडवायच्या खेळांत याचा परिणाम चमत्कारिक होतो. बोटांचा वेग खऱ्या सेकंदावर चालतो, खेळातले घड्याळ मात्र फ्रेम मोजते. ६० फ्रेम म्हणजे एक सेकंद असे धरून लिहिलेला अमेरिकन खेळ पाल यंत्रावर दुरुस्ती न करता चालवला, तर त्याचा एक ‘सेकंद’ प्रत्यक्षात १.२ सेकंद चालतो. खऱ्या सेकंदाला दहा वेळा बटण दाबणाऱ्याचे खेळातल्या सेकंदाला बारा दाब मोजले जातात. १०० मीटरचा विक्रम पायांनी नव्हे, वीजपुरवठ्याच्या देशाने मोडला, असे म्हणायची वेळ येते. ब्रिटिश खेळ अमेरिकेत नेला की हिशेब उलटा होतो.

हा नियम सरसकट लावता येत नाही. कॉमोडोर ६४ च्या अंगभूत कर्नल प्रणालीत टायमरवर आधारलेला व्यत्यय-संकेत (चालू काम थांबवून ठराविक काम करायला लावणारा इशारा) दोन्ही पद्धतींत सेकंदाला सुमारे ६० वेळाच येतो. यंत्र सुरू होताना टेलिव्हिजनची पद्धत ओळखून टायमर तसा लावला जातो. त्यावर बेतलेला खेळ दोन्हीकडे सारखाच चालतो. पडद्यावरील रेषेशी बांधलेल्या खेळाचा वेग मात्र बदलतो. शिवाय पाल यंत्राच्या एका फ्रेममध्ये प्रोसेसरला १९,६५६ आवर्तने, म्हणजे कामाचे ठोके, मिळतात, एनटीएससी यंत्राच्या फ्रेममध्ये १७,०९५. पाल यंत्राची फ्रेम काठोकाठ वापरणारा खेळ एनटीएससीवर एका फ्रेममध्ये आपले काम संपवू शकत नाही. मग चित्र लुकलुकते किंवा खेळ एकदम निम्म्या वेगावर घसरतो. तेव्हा ‘एनटीएससीवर अवघड’ हे विधानही खेळागणिक तपासावे लागते.

चित्र काढण्याचा खर्च : कॉमोडोर ६४ च्या व्हीआयसी-२ या चित्रचिपमध्ये २४ × २१ बिंदूंचे आठ स्प्राइट (पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे हलणाऱ्या आकृती) व पडदा मुलायमपणे सरकवण्याची सोय होती. खेळाडूची आकृती हलवायची तर चिपच्या काही नोंदकांतील (छोट्या स्मृतिजागांतील) आकडे बदलले की भागे. स्पेक्ट्रममध्ये असे काहीच नव्हते. ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड८०ए प्रोसेसरला प्रत्येक बिंदू स्वतः मांडावा लागे. एक हिशेब पाहण्याजोगा आहे: स्पेक्ट्रमच्या पडद्याची बिंदुस्मृती ६,१४४ बाइट. झेड८० ची नेहमीची ‘एलडीआयआर’ ही सूचना एका बाइटच्या नकलेस २१ आवर्तने घेते. पूर्ण पडदा हलवायला १,२९,०२४ आवर्तने लागतात, आणि एका फ्रेममध्ये असतात ६९,८८८. म्हणजे खेळाचे बाकीचे काम शून्य धरले तरी दोन फ्रेम गेल्या. ॲमस्ट्रॅड सीपीसीची अवस्था आणखी बिकट होती, कारण तिच्या पडद्याची स्मृती १६ किलोबाइट. त्याच पद्धतीने नक्कल केल्यास जवळजवळ पाच फ्रेम. म्हणून मैदान सरकवताना प्रोग्रॅमर हार्डवेअरच्या आडमार्गांचा आसरा घेत किंवा मैदान धक्क्याधक्क्याने सरकवीत.

याचा काठिण्याशी संबंध दुहेरी आहे. संथ फुटबॉलमध्ये पास देण्यापूर्वी विचार करायला वेळ मिळतो, पण चेंडू धक्क्याने पुढे सरकत असल्याने तो नेमका कोठे पडेल हे डोळ्यांना चटकन कळत नाही. जॉन रिटमन व क्रिस क्लार्क यांचा स्पेक्ट्रमवरील ‘मॅच डे’ (१९८४) हा याचा ठळक नमुना होय. कॉमोडोरच्या ‘इंटरनॅशनल सॉकर’सारखा खेळ स्पेक्ट्रमवर हवा, अशी दुकानदारांची मागणी असल्याने तो लिहिला गेला असे सांगितले जाते. त्याची चाल जड आहे. १९८७ च्या ‘मॅच डे २’ मध्ये चेंडू शरीराच्या कोणत्या भागाला लागला त्यानुसार परतण्याची व्यवस्था आणि लाथेची ताकद ठरवणारे ‘किकोमीटर’ आले. येथे काठिण्य वेगातून नव्हे, नियमांतून वाढवले आहे. अटारी एसटी व अमिगा या १६ बिटांच्या यंत्रांवर चित्राच्या संथपणाचा प्रश्न बराचसा सुटला. तेथे भेद उरला तो मुख्यतः पडद्याच्या उंचीचा: पाल अमिगावर साधारण २५६ रेषा, एनटीएससीवर २००. वरून दिसणाऱ्या मैदानाचा तेवढा भाग कमी दिसे.

हातातील साधने : कॉमोडोर ६४ ला नऊ पिनांच्या जॉयस्टिकसाठी दोन जागा होत्या. मूळ स्पेक्ट्रमला एकही नव्हती. केम्पस्टनचा जोड किंवा स्पेक्ट्रमच्या निर्मात्या सिंक्लेअरचा १९८३ चा इंटरफेस २ वेगळा घ्यावा लागे, अन्यथा रबरी कळा. ‘डेली टॉमसन्स डेकॅथलॉन’ (ओशन, १९८४) या खेळात धावण्यासाठी दोन दिशा आलटूनपालटून द्याव्या लागतात आणि प्रत्येक क्रीडाप्रकाराला पात्रतेची मर्यादा आहे. दांडा डावी-उजवीकडे हलवणे आणि दोन बोटांनी दोन कळा वाजवणे ही निराळी कौशल्ये आहेत. कळांवर वेग जास्त मिळतो असे जुने खेळाडू सांगतात, आणि जॉयस्टिक मोडल्याच्या कहाण्याही याच खेळाच्या आहेत. बीबीसी मायक्रोची जॉयस्टिक तर ॲनालॉग, म्हणजे दांडा किती झुकला हे मोजणारी होती. तिची स्थिती वाचणारी चिप एका मार्गिकेसाठी सुमारे १० मिलिसेकंद घेई, चारही मार्गिका वाचायला ४०. स्नूकरचा नेम धरायला ती उत्तम. वेगाने हलवायच्या खेळाला मात्र तिच्यापेक्षा कळाच बऱ्या. कॅसेटवरील खेळांत आणखी एक अडचण होती. क्रीडाप्रकार एकामागून एक लोड होत असल्याने शेवटच्या टप्प्यात हरल्यास टेप मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागे.

पातळ्यांची तुलना : ॲक्सेस सॉफ्टवेअरच्या ‘लीडर बोर्ड’ (१९८६) या गोल्फच्या खेळात तीन पातळ्या आहेत. नॉव्हिसला वारा नाही आणि फटका डावी-उजवीकडे वळत नाही. ॲमॅच्युअरला फटका वळतो. प्रोफेशनलला वाराही लागतो. अशा नियमाधारित पातळ्यांचा अर्थ प्रत्येक यंत्रावर तोच राहतो, फक्त ताकदीची पट्टी थांबवण्याचा क्षण यंत्रागणिक बदलू शकतो. ‘फुटबॉल मॅनेजर’ त्याही पलीकडे जातो. तो बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला, निर्णयांवर चालणारा खेळ असल्याने फ्रेमचा वेग तेथे निरर्थक आहे. स्पेक्ट्रमच्या आधीच्या झेडएक्स८१ या यंत्रावर सामन्याची हलती दृश्ये नव्हती, स्पेक्ट्रमवर होती, पण त्याने खेळ सोपा किंवा अवघड झाला नाही. (बेसिकमधील ओळी बदलून बँकेत हवे तेवढे पैसे भरणारे बरेच होते, ती पातळी नियमपुस्तिकेत नव्हती.) ऑडिओजेनिकच्या ‘ग्रॅहम गूच्स टेस्ट क्रिकेट’मध्ये, १९८५ च्या सुमारास, आर्केड आणि सिम्युलेशन असे दोन प्रकार दिले आहेत. वरील भेद त्यांतल्या पहिल्यालाच लागू होतो. वेगावर आधारलेल्या खेळांत मात्र कॉमोडोरवरील ‘५’ आणि स्पेक्ट्रमवरील ‘५’ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. शाळाशाळांतून रंगलेल्या ‘कोणाचे यंत्र सोपे’ या वादात मुले बहुधा यंत्राची नव्हे, दोन प्रोग्रॅमरांची तुलना करीत होती.

भारतात : १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पातून बीबीसी मायक्रो काही शाळांत पोहोचले. घरगुती वापरासाठी ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याखाली ‘डीबी स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. भारताची पाल पद्धत ५० फ्रेमचीच असल्याने ब्रिटिश कॅसेटवरचे खेळ येथे मूळ वेगाने चालत. अडचण आली ती रंगांची, कारण अनेक घरांत टेलिव्हिजन कृष्णधवल होता. स्पेक्ट्रमच्या रंगांचा क्रम काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा असा असून तो कृष्णधवल पडद्यावर गडदाकडून फिक्या करड्याकडे जातो. त्यामुळे लाल विरुद्ध पिवळा संघ सहज वेगळे दिसत, पण निळा विरुद्ध लाल असे संघ असले की आपला खेळाडू कोणता हे शोधण्यातच निम्मा सामना जाई.

एम्युलेटर : आज हे खेळ बहुधा एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळले जातात. ‘व्हाइस’सारख्या प्रणालीत पाल किंवा एनटीएससी यंत्र निवडता येते, आणि ही निवड खेळाच्या पडद्यावरील पातळीहून अधिक परिणामकारक ठरू शकते. ६० हर्ट्झच्या आधुनिक पडद्यावर ५० फ्रेमचा खेळ दाखवताना काही फ्रेम दोनदा दिसतात. उडीचा किंवा बॅट फिरवण्याचा क्षण त्याने चुकतो. हवे तेथे स्थिती साठवून ठेवण्याची सोय आणि जॉयस्टिकचे ऑटोफायर (बटण आपोआप पुन्हापुन्हा दाबले जाणे) ही काठिण्य बदलण्याची आणखी दोन कारणे. गुणांची नोंद करताना यंत्राचा प्रकार, फ्रेमची वारंवारता आणि वापरलेले साधन लिहिलेले नसेल, तर ती दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहता येत नाही.