पार्श्वभूमी: होमर, मौखिक परंपरा आणि ‘फॉर्म्युला’ या शब्दाची ओढाताण

‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही प्राचीन ग्रीक महाकाव्यं ज्याच्या नावावर आहेत, त्या होमरच्या आधुनिक अभ्यासाची गोष्ट सहसा १७९५ पासून सांगतात. त्याआधी सातच वर्षं व्हेनिसमधल्या ‘इलियड’च्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखिताचा पाठ समासातल्या प्राचीन टिपांसह छापून झाला होता. त्या टिपांचा आधार घेऊन जर्मनीतल्या हाले इथल्या एका प्राध्यापकाने लॅटिनमध्ये लिहिलं, की होमरच्या काळी लेखन नव्हतं, गाणी तोंडोतोंडी चालत आली आणि ती एकत्र बांधली गेली पुढे अथेन्समध्ये. मग शंभर-सव्वाशे वर्षं ‘कवी एक की अनेक’ हा सामना रंगला. अनेकवाल्यांपैकी एकाने तर ‘इलियड’चे सुटे पोवाडे पाडून दाखवले. १८७० च्या दशकात हिसार्लिक (काव्यातलं ट्रॉय ते हेच, असं मानतात) आणि ग्रीसमधलं मायसिनी इथे खणलं गेलं, लोकांचं कुतूहल वाढलं, पण काव्य कसं रचलं गेलं या प्रश्नाचं उत्तर त्या मातीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकातली ही भांडणं आज वाचवत नाहीत. दोन्ही बाजू कवीला टेबलाशी बसवूनच विचार करत होत्या. वाद फक्त टेबलं किती याचा.

टेबल हलवलं १९२८ साली, पॅरिसमध्ये प्रबंध सादर करणाऱ्या एका तरुण अमेरिकनाने. त्याने होमरची विशेषणं घेतली आणि ती छंदाच्या मापाने तपासली. ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस कर्त्याच्या रूपात ओळीच्या शेवटी यायचा असेल, तर यतीनंतर किती जागा उरली यावर त्याचं विशेषण ठरतं. आठ अक्षरांची जागा असेल तर ‘पोलुत्लास दीओस ओदुस्सेउस’, सातांची असेल तर ‘पोलुमेतिस ओदुस्सेउस’, पाचांची असेल तर नुसतं ‘दीओस ओदुस्सेउस’. सोसणारा, चतुर की दिव्य, हे प्रसंग ठरवत नाही, जागा ठरवते. एका मापाला सहसा एकच पर्याय, आणि बहुतेक सगळ्या मापांना पर्याय तयार. एवढी काटकसर आणि एवढी भरपाई एका माणसाला बसून जमणार नाही, ती पिढ्यांची करणी आहे, हे त्याचं म्हणणं. गीतेतले ‘कौंतेय’, ‘पार्थ’, ‘धनंजय’ आठवणाऱ्या वाचकाला यात धक्का बसण्यासारखं काही वाटणार नाही. युरोपला बसला.

१९३० साली त्याने ‘फॉर्म्युला’ची व्याख्या इंग्रजीत दिली: ठरावीक छंदःस्थितीत, एखादा मूळ आशय सांगण्यासाठी, नेहमी वापरला जाणारा शब्दसमूह. पुढच्या पंचेचाळीस वर्षांचं भांडण या एका वाक्यात दडलेलं आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

मराठीत आपण ‘फॉर्म्युला’ला झटकन ‘सूत्र’ म्हणतो आणि तिथेच फसतो. सूत्र म्हणजे थोडक्या अक्षरांत पुष्कळ अर्थ. होमरचा फॉर्म्युला नेमका उलटा: अर्थ एवढासा, अक्षरं हवी तितकी. ‘पोलुत्लास दीओस ओदुस्सेउस’चा ‘मूळ आशय’ व्याख्येप्रमाणे फक्त ‘ओडिसियस’. बाकीचं पादपूरण. ‘साचा’ म्हणावं तर त्यात ठोकळेबाजपणाची निंदा येते. या लेखात इंग्रजी शब्दच ठेवला आहे, कारण घोळ त्या शब्दातच आहे.

पहिला घोळ खुद्द व्याख्या करणाऱ्याने घातला. त्याच १९३० च्या लेखात त्याने ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’च्या पहिल्या पंचवीस-पंचवीस ओळी घेतल्या. जे शब्द इतरत्र जसेच्या तसे सापडतात त्यांच्याखाली सलग रेघ, आणि जिथे फक्त ठेवण सारखी आहे तिथे तुटक रेघ. सलग रेघेबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण तुटक रेघेत ‘तेउखे कुनेस्सिन’ आणि ‘दोकेन हेताइरोइ’ अशी जोडी बसू लागली. पहिलीत कुत्र्यांपुढे भक्ष्य टाकलं आहे, दुसरीत सोबत्याला काही दिलं आहे. शब्द वेगळे, अर्थ वेगळा; सारखं काय, तर क्रियापद, त्यामागे चतुर्थीतलं नाम आणि लघुगुरूंचा क्रम. हाही फॉर्म्युला म्हणायचा, तर व्याख्येतला ‘मूळ आशय’ गेला कुठे? आणि वृत्तात लिहिणाऱ्या कोणत्या कवीकडे अशा जोड्या सापडणार नाहीत? माझ्या मते ही तुटक रेघ त्या सिद्धान्ताची सगळ्यात महागात पडलेली रेघ आहे.

पण तिची किंमत कळायला वेळ लागला, कारण मध्ये युगोस्लाव्हिया आला. १९३३ ते ३५ या काळात तो संशोधक तिथल्या गायकांमध्ये फिरला, अ‍ॅल्युमिनियमच्या साडेतीन हजारांहून जास्त तबकड्यांवर ध्वनिमुद्रण केलं, आणि बिजेलो पोल्ये इथल्या एका निरक्षर खाटकाकडून बारा हजारांहून जास्त ओळींचं एक गाणं उतरवून घेतलं. ‘ओडिसी’ साधारण तेवढीच आहे. जिवंत गायक इतकं लांब रचू शकतो, हे एकदा डोळ्यांनी आणि कानांनी सिद्ध झाल्यावर तुटक रेघेची चौकशी कोण करतो! १९३५ च्याच डिसेंबरात, ३३व्या वर्षी, बंदुकीची गोळी लागून तो गेला. सोबत फिरलेल्या मदतनिसाने ती सामग्री सांभाळली आणि १९६० साली त्यावर पुस्तक लिहिलं. मौखिक काव्याचा अभ्यास जगभर पसरला तो त्या पुस्तकामुळे.

पसरताना तुटक रेघही पसरली. १९५३ साली जुन्या इंग्रजी काव्याच्या एका अभ्यासकाने तीच चाळणी तिथे लावली आणि निकाल दिला: फॉर्म्युले भरपूर, म्हणजे काव्य मौखिक. १९६६ साली दुसऱ्या एकाने शांतपणे दाखवून दिलं, की लॅटिन ग्रंथावरून, म्हणजे पुस्तक समोर ठेवून केलेल्या जुन्या इंग्रजी पद्य भाषांतरांतही फॉर्म्युले तितकेच दाट आहेत. टक्केवारी काढून ‘मौखिक’चा शिक्का मारण्याचा उद्योग खरं तर तिथेच आटोपायला हवा होता. पुढेही बरीच वर्षं प्रबंधांमधून रेघा ओढल्या जात राहिल्या.

होमरच्या बाबतीत सगळ्यात बोचरा प्रश्न व्याख्या करणाऱ्या त्या अमेरिकनाच्या घरातूनच आला. वडील गेले तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. तोही ग्रीकचाच अभ्यासक झाला, आणि १९५६ साली त्याने ‘इलियड’च्या नवव्या सर्गात, लढाईतून रुसून बाजूला झालेला वीर अकिलीस समजूत काढायला आलेल्यांना जे उत्तर देतो, त्यावर छोटासा लेख लिहिला. मुद्दा असा: सगळ्यांची भाषा ठरीव फॉर्म्युल्यांची असेल, तर त्या भाषेमागच्या मूल्यव्यवस्थेवरचा विश्वास उडालेल्या माणसाने बोलायचं कशात? अकिलीसकडे दुसरी भाषाच नाही. तो आहे तीच भाषा वाकडी वापरतो, उत्तर नसलेले प्रश्न विचारतो. वडिलांचा सिद्धान्त पूर्ण मान्य करून त्याने त्यातूनच शोकांतिका काढली. लेखाला विरोध पुष्कळ झाला. १९७८ साली दोघांनी अकिलीसचं बोलणं मोजून पाहिलं आणि त्याची स्वतःची लकब आहे, असं दाखवलं. म्हणजे भाषा ठरीव असली तरी माणूस ओळखू येतो.

याच मुलाने वडिलांचे सगळे लेख संपादून १९७१ साली प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी तो व त्याची पत्नी एका अपघातात गेले. तीही ग्रीकचीच अभ्यासक. तिचं पुस्तक १९७३ साली, मरणोत्तर निघालं. ‘ओडिसी’च्या सुरुवातीलाच देवांचा राजा झ्यूस ज्या ईजिस्थसला आठवतो, तो परस्त्रीला वश करून तिच्या नवऱ्याचा जीव घेणारा, आणि त्याला विशेषण लावलंय ‘अमुमोन’. कोशात अर्थ ‘निर्दोष’. सासऱ्यांच्या बाजूचे म्हणत: विशेषणाला प्रसंगाशी घेणंदेणं नाही, हा त्याचा उत्तम पुरावा. सुनेने त्या शब्दाची ठिकाणं तपासून म्हटलं, की मुळात अर्थच ‘निर्दोष’ नव्हे, ‘देखणा’. कोश चुकला, कवी नव्हे. तिचं प्रत्येक उदाहरण पटतंच असं नाही, पण पद्धत पटते. आधी शब्द नीट वाचा, मग तो पोकळ म्हणा. रुसून जहाजांपाशी बसलेला अकिलीस ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात ‘चपळ पायांचा’ आहे आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जहाजंही ‘वेगवान’. याला नुसती जागाभरती म्हणायचं, की बसलेल्या चपळ माणसाची आणि उभ्या वेगवान जहाजांची ती ओळ मुद्दाम बांधलेली आहे? मला दुसरं वाटतं, आणि ते सिद्ध करता येत नाही हेही कबूल.

तोवर ‘फॉर्म्युला’ची मूळ व्याख्या विरघळली होती. १९६७ साली भाषाशास्त्रातल्या नव्या वाऱ्यावर एकाने म्हटलं, की फॉर्म्युला शब्दांत नसतोच, मनातल्या आकृतीत असतो; ओळी म्हणजे तिची फुटलेली रूपं. १९६८ साली दुसऱ्याने दाखवलं, की हे शब्दसमूह जागा बदलतात, ताणतात, मध्ये शब्द घेतात. म्हणजे ‘त्याच छंदःस्थितीत’ ही अटही सैल झाली. शब्द मात्र तोच राहिला. आज दोन अभ्यासक ‘फॉर्म्युला’ म्हणतात तेव्हा ते एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील, याची खात्री नसते.

याचा परिणाम शेवटी संपादनावर झाला. १९९८ ते २००० मध्ये निघालेल्या ‘इलियड’च्या एका आवृत्तीचा संपादक एकच लिहिणारा कवी मानत असे, त्याने अख्खा दहावा सर्ग कंसात टाकला, म्हणजे मागाहून घातलेला ठरवला. उलट पक्षाचं म्हणणं, की गाणं जर प्रत्येक वेळी फॉर्म्युल्यांतून नव्याने रचलं जात होतं, तर अस्सल पाठ एकच नसणार. प्रत्येक पाठभेद हा कुठल्या तरी गायकाचा. पुण्यात १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीभोवती झालेली चर्चा ज्यांना माहीत आहे, त्यांना दोन्ही बाजूंचे सूर ओळखीचे वाटतील. २००७ च्या मे महिन्यात व्हेनिसच्या त्याच हस्तलिखिताची पानं उच्च दर्जाच्या कॅमेऱ्याने टिपली गेली आणि कुणालाही वापरायला खुली झाली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितांत, ‘इलियड’च्या काही जादा ओळी सापडतात. एकपाठवाल्यांच्या आवृत्तीत त्यांची जागा तळटिपेत आहे. बहुपाठवाले त्या पपायरसाला स्वतंत्र पाठ मानतात आणि त्या ओळी जिथल्या तिथे ठेवतात.