चूल, उन्ह अन् थर्मामीटर : पोट्ट्यांच्या उष्णतेच्या धड्याची पार्श्वभूमी

तिसरी-चौथीच्या पोट्ट्यांना विचारा उष्णता कुठून मिळते, तर सूर्य, चूल, गॅस, बल्ब असं धडाधड सांगतात. आपल्या विदर्भातल्या खेड्यात तर यादी अजून लांबते, पऱ्हाटीचा जाळ, गोवऱ्यांची शेगडी, आणि एखादा चौकस पोट्टा उकिरडाही सांगून जातो, कारण थंडीत सकाळी खताचा ढीग उकरला की आतून वाफ निघताना त्यानं पाहिलेली असते. (हे उत्तर बरोबर आहे बरं का, कुजताना उष्णता निघतेच, चूक म्हणून खोडू नका.) इथवर सोपं आहे. घोडं अडते ते "किती गरम" इथं, अन् मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांचं घोडंही इथंच दीड-दोनशे वर्षं अडलं होतं.

पहिलं साधन म्हणजे हात, आणि हात काही भरवशाचा नाही. इंग्लंडच्या जॉन लॉकनं १६९० च्या सुमारास हे लिहून ठेवलं की एकच पाणी एका हाताला थंड अन् दुसऱ्याला गरम लागू शकते. वर्गात करायचं तर तीन गंज घ्या, एकात माठाचं पाणी, दुसऱ्यात गरम, मधल्यात दोन्ही मिसळून. गरमसाठी चूल पेटवायचीही गरज नाही, एप्रिलमध्ये दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी पुरेसं चटके देते, फक्त आधी मास्तरांनी स्वतः हात घालून पाहावा. मग पोट्टा एक हात थंडात, एक गरमात मिनिटभर धरतो अन् दोन्ही एकदम मधल्या गंजात टाकतो, आणि त्याचेच दोन हात दोन वेगळी उत्तरं देतात. वर्गात जो कल्ला होते तो ऐकण्यासारखा असते.

मोजायच्या यंत्राची सुरुवात इटलीत झाली. सोळाव्या शतकाच्या शेवटी गॅलिलिओच्या काळात हवा फुगण्यावर चालणारी काचनळी आली, मग सँटोरिओ नावाच्या डॉक्टरनं तिला खुणा केल्या, पण नळी उघडी असल्यानं हवेचा दाब बदलला तरी पातळी हलायची. सतराव्या शतकाच्या मध्याला फ्लॉरेन्समध्ये दारू भरून तोंड बंद केलेली नळी झाली. फॅरेनहाइटनं १७१४ च्या आसपास पारा वापरला अन् १७२४ मध्ये आपली पट्टी मांडली. सेल्सियसनं १७४२ ला शंभर भागांची पट्टी दिली, ती मात्र उलटी, उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १००. तो वारल्यावर लवकरच ती सुलटी झाली. आपल्याकडं अजून दोन्ही चालतात, ताप १०२ आणि उन्ह ४५, एकाच घरात, आणि पोट्ट्यांना वाटते की ताप उन्हापेक्षा दुपटीनं गरम असते. यात पोट्ट्यांचा काय दोष, कोणी सांगतच नाही की पट्ट्या दोन आहेत.

एवढं होऊनही थर्मामीटर नेमकं काय मोजते हे स्पष्ट नव्हतं. १७६० च्या दशकात स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं दाखवलं की वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहिलं तरी पूर्ण वितळेपर्यंत पारा वर सरकत नाही, म्हणजे उष्णता वेगळी अन् तापमान वेगळं. म्हणून मास्तरांनो, चौथीच्या पोट्ट्याला हा फरक पटकन कळला नाही तर रागवू नका, हंडाभर कोमट पाण्यात वाटीभर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता असते हे मोठ्यांनाही चटकन पटत नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका चौथीच्या वर्गातला किस्सा १९९० मध्ये छापून आला होता. स्वेटर स्वतः गरम असते यावर पोरं ठाम, म्हणून बाईंनी स्वेटरात थर्मामीटर गुंडाळून ठेवायला लावले, आकडा काही वाढला नाही, तरी पोरं म्हणे आत थंड हवा घुसली असेल, अजून जास्त वेळ ठेवू. आपल्याकडं स्वेटरच्या जागी गोधडी घ्या. आणि मग विचारा, गोधडी गरम करते तर बर्फगोळेवाला भर उन्हात बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून का ठेवते?

आता थर्मामीटर ठेवायचा कुठं, हा आपल्याकडचा खरा मुद्दा. टिनावर ठेवला तर वेगळा आकडा, कडुनिंबाखाली वेगळा. स्कॉटलंडच्या थॉमस स्टीव्हन्सननं १८६० च्या दशकात फटी असलेली पांढरी लाकडी पेटी केली, ती जमिनीपासून चारेक फूट उंच ठेवतात, म्हणजे थेट उन्ह नाही लागत पण हवा खेळते. भारतीय हवामान विभाग १८७५ चा, आणि हवेचं तापमान असंच सावलीतलं मोजतात. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर तेच फिरत होतं, नंतर विभागानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. थर्मामीटरही चुकू शकते हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

खेड्यात थर्मामीटर वापरणाऱ्या हातांची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र गडचिरोलीची आहे. १९९० च्या दशकात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्या घरी जाऊन नवजात बाळाचं तापमान घ्यायच्या, वजन करायच्या, बाळ गार पडत असेल तर उबदार ठेवायला शिकवायच्या. या आणि बाकीच्या घरगुती उपचारांनी मिळून तिथले नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले, १९९९ ला हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढं आशाताईंच्या कामात ही पद्धत देशभर गेली.

शाळेत मात्र थर्मामीटर पोट्ट्यांच्या हाती यायला उशीरच झाला. १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नयी तालीम ही शिक्षणपद्धत निघाली, हातानं काम करत शिकायचं असं ठरलं, सामान्य विज्ञानही त्यात होतं, पण बहुतेक शाळांत धडा वाचूनच उरकला जातो. काही मास्तर मग आशाताईंचा डिजिटल थर्मामीटर मागून आणतात, तो अंगाच्या तापाचा, माठाच्या पाण्यात धरला तर 'लो' दाखवून मोकळा होते. त्यासाठी प्रयोगशाळेचा लांब, लाल द्रवाचा थर्मामीटर घ्यावा, साधारण उणे १० ते ११० अंशांचा. पाऱ्याचा नको, फुटला तर पारा विषारी, २०१३ च्या मिनामाता करारानंतर तो जगभरातून हटवणं चालूच आहे. आणि एक, जुन्या काचेच्या तापाच्या थर्मामीटरसारखा हा बाहेर काढून वाचायचा नाही, टोक पाण्यात असतानाच वाचायचा, नाहीतर पोट्टे वर्गातल्या हवेचं तापमान लिहून आणतात.