काढ्याने कॅन्सर अडत नाही

‘प्रतिकारशक्ती भक्कम असली की कॅन्सर होत नाही, काढा घेत राहा,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही, आणि या भरवशावर उपचार लांबवणारी माणसं पाहून जीव तुटतो. कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली असते, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ती सहज परकी वाटत नाही. शिवाय टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवर, पीडी-१ नावाचा रेणू असतो; तो त्यांचा ब्रेक. अनेक गाठी नेमका तोच दाबतात. मग अंगात ताकद असूनही टी-पेशी थबकून राहतात. जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली हा रेणू शोधला, अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम केलं. दोघांना २०१८चं नोबेल मिळालं. त्यातून आलेली औषधं सरसकट शक्ती ‘वाढवत’ नाहीत, ती ब्रेक सोडवतात. तो सुटल्यावर कधीकधी आतडी, थायरॉईड अशा निरोगी अवयवांवरही हल्ला होतो. म्हणून ही औषधं तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच देतात.