त्रिक बिंदूचा सेल आणि एनएबीएलचा अर्ज: कागद कुठे अडतो

तापमान कॅलिब्रेशनची प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी 17025:2017 खाली मान्यताप्राप्त करून घ्यायची तर अर्ज एनएबीएलकडे (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) ऑनलाइन करायचा असतो. फॉर्म भरायला कुणाला अडचण येत नाही. अडतं ते पाण्याच्या त्रिक बिंदूच्या सेलपाशी. पाणी, बर्फ आणि वाफ एकत्र समतोलात राहतात तो त्रिक बिंदू (0.01 अंश सेल्सिअस), आणि तो मिळवून देणारं, शुद्ध पाण्याचं बंद काचेचं भांडं म्हणजे सेल. सेल महागाचा, प्रतिष्ठेचा, म्हणून तो यादीत ऐटीत लिहिला जातो. त्याच्यामागे लागणारे कागद मात्र फाइलमध्ये नसतात.

आधी एक खुलासा. वजनकाट्यांवर मोहर उठवणारा वैधमापन विभाग वेगळा आणि एनएबीएल वेगळं. एनएबीएलची मान्यता ऐच्छिक आहे आणि तिचा वैधमापनाच्या मुद्रांकनाशी संबंध नाही. दोन्हीकडची कागदपत्रं एकाच फाइलमध्ये लावून पाठवू नका.

पात्रता थोडक्यात अशी: संस्थेची कायदेशीर नोंदणी, राबवली जात असलेली गुणवत्ता व्यवस्था, अर्जापूर्वी पूर्ण झालेलं अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा, प्रवीणता चाचणीत, म्हणजे तुमची मापनं संदर्भ मूल्याशी ताडून पाहणाऱ्या चाचणीत, समाधानकारक सहभाग (फरक भागिले एकत्रित अनिश्चितता, म्हणजे ईएन गुणोत्तर; चिन्ह सोडून त्याचं मूल्य 1 किंवा त्याहून कमी), आणि प्रमाणपत्रावर सही करू शकेल असा जाणकार माणूस. ऑडिटचा अहवाल मागाहून जोडतो म्हणणाऱ्यांचा अर्ज तिथेच थांबतो. शुल्क प्रयोगशाळेच्या व्याप्तीनुसार (कोणकोणत्या मापनांसाठी मान्यता मागता त्यानुसार) बदलतं, त्यामुळे भरण्याच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तेच धरावं.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला सेल खरंच लागतो का? ग्राहकांचे थर्मोकपल आणि औद्योगिक आरटीडी (रोधावर चालणारे तापमान संवेदक) बाथमध्ये तुलनेने तपासत असाल, तर डिस्टिल्ड पाण्याच्या बर्फाचा नीट केलेला हिमबिंदू काही मिलिकेल्विनच्या आत बसतो आणि तुमच्या कामाला तेवढा पुरतो. सेल लागतो तो प्रमाण प्लॅटिनम रोध थर्मामीटर, म्हणजे एसपीआरटी, ठेवणाऱ्यांना. आयटीएस-90 या 1990 च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत असा थर्मामीटर रोध गुणोत्तरावर चालतो: मोजलेला रोध भागिले त्रिक बिंदूवरचा रोध. 25.5 ओहमच्या थर्मामीटरमध्ये 1 मिलिकेल्विन म्हणजे साधारण 0.1 मिलिओहम. वर्षभरात त्रिक बिंदूवरचा रोध एवढा सरकला आणि तुम्ही जुनाच आकडा वापरत राहिलात, तर जस्ताच्या गोठणबिंदूजवळ (419.527 अंश सेल्सिअस) ती चूक जवळपास तिप्पट होते. सेल या कामासाठी असेल तर अर्जात त्याला 'मध्यंतरीच्या तपासणीचं साधन' म्हणा. व्याप्तीच्या तक्त्यात 'त्रिक बिंदूवर एसपीआरटीचं कॅलिब्रेशन' अशी ओळ टाकलीत की तपासनीस तेच काम समोर करून दाखवायला सांगणार, हे गृहीत धरा.

कुणाकडेच नसणारा कागद

"त्रिक बिंदू निसर्गानेच ठरवलेला आहे, त्याला सर्टिफिकेट कशाला?" हा युक्तिवाद फार लोकप्रिय आहे आणि तो चालत नाही. पाण्याचा गुणधर्म निसर्गाचा खरा, पण तुमच्या काचेत कोणतं पाणी आहे, त्यात हवा शिरली आहे का, काचेतून काय विरघळलं आहे, हे निसर्ग सांगत नाही. सेलसोबत आलेलं उत्पादकाचं पत्र म्हणजे ट्रेसेबिलिटी, म्हणजे राष्ट्रीय प्रमाणापर्यंत पोचणारी कॅलिब्रेशनची साखळी, नव्हे. एनएबीएल 142 या धोरणानुसार साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत, दुसऱ्या देशाच्या मान्य राष्ट्रीय मापन संस्थेपर्यंत किंवा त्या कामासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेपर्यंत पोचावी लागते. उत्पादकाची स्वतःची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असेल आणि प्रमाणपत्रावर ते चिन्ह असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा नसणारा कागद समस्थानिक विश्लेषणाचा, म्हणजे पाण्यात हायड्रोजन-ऑक्सिजनची जड आणि हलकी रूपं किती आहेत त्याचा. 273.16 केल्विन हा आकडा व्हिएन्ना प्रमाण समुद्रजल या आंतरराष्ट्रीय संदर्भ पाण्याच्या समस्थानिक रचनेसाठी आहे. ड्युटेरियमचं (जड हायड्रोजनचं) प्रमाण बदललं की बिंदू काही दहा मायक्रोकेल्विनने हलू शकतो. जुन्या सेलला असं विश्लेषण जोडलेलं नसतं, आणि तेवढ्यासाठी काच फोडून पाणी काढायला कुणी सांगत नाही. राष्ट्रीय संस्थेच्या सेलशी तुलना करून घ्या. त्या तुलनेतून निघणाऱ्या फरकात समस्थानिक आणि अशुद्धी दोन्ही आपोआप येतात.

तुलनेसाठी सेल कुरिअरने पाठवू नका. आत निर्वात आहे. सेल हिंदकळला की पाणी काचेवर हातोड्यासारखं आदळतं. मँटल (थर्मामीटरच्या मधल्या नळीभोवती जमवलेला बर्फाचा थर) पूर्ण वितळवून, फोममध्ये बसवून, माणसासोबत हातात न्यावा. पुण्याहून दिल्लीपर्यंत रेल्वेने न्यायचा असेल तर बर्थखाली सरकवायचा नाही.

अनिश्चिततेचा तक्ता

मापनातली प्रत्येक संभाव्य चूक आकड्यात मांडणारा हा तक्ता. इथे दोन उलट चुका होतात. काही तक्त्यांत अजून 'केल्विनच्या व्याख्येनुसार अचूक' असं लिहिलेलं असतं. ती व्याख्या 20 मे 2019 रोजी बदलली. आता बोल्ट्झमनचा स्थिरांक (1.380649 × 10⁻²³ ज्यूल प्रति केल्विन) ठरलेला आहे आणि त्रिक बिंदूचं ऊष्मागतिक तापमान 0.1 मिलिकेल्विनच्या प्रमाणित अनिश्चिततेने माहीत आहे. हे वाचून दुसरे काहीजण ते 0.1 तक्त्यात जोडून मोकळे होतात. तेही चूक. तुमचं प्रमाणपत्र आयटीएस-90 वर आहे आणि त्या श्रेणीत त्रिक बिंदूला 273.16 केल्विन हे मूल्य बहाल केलेलं आहे. 'अचूक' हा शब्द वापरायचा तर आधार आयटीएस-90 चा द्या, व्याख्येचा नको.

पाण्याखालच्या खोलीसाठीची आकड्यातली दुरुस्ती विसरू नका: पाण्याच्या दर मीटरला उणे 0.73 मिलिकेल्विन. संवेदक पाण्याच्या पृष्ठभागाखाली 265 मिलिमीटरवर असेल तर 0.19 मिलिकेल्विन वजा. माप पृष्ठभागापासून संवेदकाच्या मध्यापर्यंत घ्यायचं. काचेच्या तोंडापासून थर्मामीटरच्या टोकापर्यंत नाही.

स्वतापनाचंही, म्हणजे मोजण्याच्या प्रवाहाने थर्मामीटर स्वतःच तापतो त्याचंही, तसंच. 1 आणि 1.414 मिलिअँपिअरवर वाचन घ्या. पहिल्याची दुप्पट वजा दुसरं, म्हणजे शून्य प्रवाहाचा रोध. प्रमाणपत्रातला आकडा 1 मिलिअँपिअरचा आणि तुमचा शून्याचा असेल, तर दिसणारा फरक थर्मामीटर सरकल्याचा नाही.

तारखांचा घोळ

राष्ट्रीय संस्थेच्या प्रमाणपत्रावर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख नसते म्हणून लोक घाबरून फोन करतात. ती नसायलाच हवी. 17025 प्रमाणे ग्राहकाशी ठरलेलं नसेल तर प्रमाणपत्रात मुदतीची शिफारस करता येत नाही. मुदत तुम्ही ठरवायची आणि मागच्या वाचनांच्या आधाराने तिचं समर्थन द्यायचं. 'दरवर्षी' एवढंच लिहून भागत नाही. शिवाय प्रमाणपत्र अर्जाच्या दिवशीच नव्हे, तपासणीच्या दिवशीही मुदतीत असावं लागतं. मधले महिने मोजूनच अर्ज करा.

दुसरी तारीख मँटलची. सोमवारी तपासनीस येणार म्हणून शनिवारी बर्फ जमवणं उशिराचं आहे. ताज्या बर्फाच्या स्फटिकांत ताण असतो आणि वाचन 0.1 ते 0.2 मिलिकेल्विनने खाली येऊ शकतं. आठवडाभर आधी करा. मधली नळी आतून पूर्ण कोरडी करून सेल शून्याजवळ गार करा, नळीत थोडं अल्कोहोल आणि ड्राय आइसचा चुरा घाला आणि तळापासून वर बर्फ चढू द्या. पाण्याच्या पृष्ठभागावर बर्फाचा पूल बांधला गेला तर थांबा आणि हाताच्या उबेने तो सोडवा. खालचं पाणी गोठताना फुगायला जागा राहिली नाही की सेल फुटतो. नंतर ड्राय आइस काढून नळीत गार पाणी भरा आणि सेल 0.007 ते 0.01 अंशाच्या बाथमध्ये ठेवा.

दाखवायच्या दिवशी खोलीच्या तापमानाचा काचेचा दांडा काही सेकंद नळीत घालून आतला थर सोडवा. सेल हलकेच फिरवला की मँटल नळीभोवती मोकळा फिरला पाहिजे. न फिरणाऱ्या मँटलवर घेतलेली वाचनं कितीही स्थिर दिसली तरी ती त्रिक बिंदूची नाहीत, आणि जाणता तपासनीस पहिल्यांदा हेच बघतो. नळीच्या तळाशी फोमचा तुकडा ठेवा, थर्मामीटर आधी गार करून मगच आत सोडा आणि वरून काळं कापड टाका. खोलीतल्या दिव्यांचा प्रकाश थर्मामीटरच्या काचेतून खाली उतरून वाचन वर ढकलतो. तपासणी पावसाळ्यात पडली तर खोली कोरडी ठेवा. थर्मामीटरच्या जोडणीवर दव धरलं की विजेची गळती सुरू होते आणि तिचा दोष विनाकारण सेलवर येतो.